गंज पाण्याकडचा आणि गंज आगीकडचा

अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मेन अशा राज्यांत किंवा कॅनडातल्या मॅनिटोबात, गावाबाहेरच्या घरांमागे पत्र्याची एक छोटी खोली उभी दिसते आणि तिच्यावर धुराडं. हा घराबाहेर ठेवलेला, लाकडावर चालणारा बॉयलर. भट्टीत लाकडं जळतात, भट्टीभोवतीच्या पोलादी कवचात शेकडो लिटर पाणी तापतं, ते जमिनीखालच्या नळ्यांतून घरात जातं, उष्णता देतं आणि परत येतं. मराठी वाचकाने बंब डोळ्यांसमोर आणावा: मध्ये विस्तव, भोवती पाणी. मात्र बंबातलं पाणी आंघोळीला जातं आणि रोज नवं येतं, इथे तेच पाणी वर्षानुवर्षं फिरतं. शिवाय बंब तांब्याचा, हा पोलादाचा.

एकाच बनावटीचा बॉयलर एका घरी दहा वर्षांच्या आत गळू लागतो आणि दुसऱ्या घरी वीस वर्षं टिकतो. गळला की मालक म्हणतो, “गंजला.” पण भट्टीच्या पत्र्याला दोन बाजू असतात. एकीकडे पाणी, दुसरीकडे आग. दोन्हीकडे गंज चढतो, पण त्याची कारणं वेगळी, दिसणं वेगळं आणि उपायही वेगळे. पाण्यात नेमाने गंजरोधक औषध घालणारा मालक भट्टीत उन्हाळाभर राख तशीच ठेवतो आणि पत्रा आतून खाल्ला जातो, तेव्हा मला मनापासून हळहळ वाटते. कष्ट घेतलेले असतात, पण पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला.

आधी पाण्याकडचा गंज. याचं मूळ पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात, हवेशी संपर्क असेल तर, लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. पाणी तापलं की बराचसा निघून जातो, उरलेला पोलादाशी संयोग पावून संपतो आणि गंज मंदावतो. म्हणजे एकदा भरून तापवलेलं, पुन्हा न बदललेलं पाणी फारसं घातक नसतं. घातक असतो तो सतत येणारा नवा ऑक्सिजन. यातले बरेच बॉयलर उघड्या पद्धतीचे असतात, म्हणजे टाकीचा वरचा भाग हवेला मोकळा आणि पाण्यावर दाब नाही. स्फोटाची भीती त्यामुळे जवळजवळ राहत नाही, पण हवा मात्र पाण्याला कायम भिडलेली असते. त्यात पाणी उकळून उतू गेलं किंवा एखाद्या सांध्यातून थेंब थेंब झिरपत राहिलं, की वरून नवं पाणी घालावं लागतं. प्रत्येक भर घातली की ताजा ऑक्सिजन आत येतो आणि औषध पातळ होतं.

नळ्यांमधूनही ऑक्सिजन येतो, यावर अनेकांचा चटकन विश्वास बसत नाही. साध्या प्लास्टिकच्या भिंतीतून तो हळूहळू आत झिरपतो. जर्मनीत फरशीखालच्या तापन व्यवस्थांमध्ये या कारणाने नळ्यांत गाळ साचू लागला आणि त्यातून डीआयएन ४७२६ हे मानक आलं. ४० अंशांना दर घनमीटर पाण्यामागे दिवसाला ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त ऑक्सिजन नळीतून आत येऊ नये, ही त्याची मर्यादा. म्हणून पेक्सची (या कामाला वापरतात त्या प्लास्टिकची) नळी घेताना ऑक्सिजन अडवणारा थर असलेलीच घ्यावी. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

औषध म्हणजे बहुधा नायट्राइट असलेलं गंजरोधक रसायन. ते पोलादावर पातळ संरक्षक थर धरतं आणि पाणी अल्कधर्मी ठेवलं की तो थर टिकतो. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी: नायट्राइट अपुरं पडलं तर नुसता परिणाम कमी होतो असं नाही. थर काही ठिकाणी तुटतो, सगळा गंज त्या उघड्या ठिपक्यांवर एकवटतो आणि पत्र्यात खोल खळगे पडतात. काही जिवाणू नायट्राइट खातात, त्यामुळे गळती नसतानाही त्याचं प्रमाण घटू शकतं. “गेल्या वर्षी टाकलं होतं” याला म्हणून काही अर्थ नाही. चाचणीची पट्टी किंवा संच वापरून पीएच आणि नायट्राइट दोन्ही मोजावेत. काही उत्पादक वर्षातून एकदा पाण्याचा नमुना मागवतात आणि हमीही त्यावर अवलंबून ठेवतात, ते यासाठीच.

आता आगीकडचा गंज. इथे दोषी ऑक्सिजन एकटा नाही. लाकडाच्या धुरात पाण्याची वाफ असते, आणि ॲसिटिक व फॉर्मिक आम्लंही असतात. अगदी कोरडं एक किलो लाकूड जळलं तरी सुमारे अर्धा लिटर पाणी वाफ होऊन निघतं, कारण लाकडातल्या हायड्रोजनचं जळून पाणीच होतं. ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. ते जाळलं तर तेवढ्याच कोरड्या लाकडामागे दीड लिटर वाफ होते. चांगलं वाळून ओल २० टक्क्यांवर आली, की हा आकडा पाऊण लिटरच्या जरा वर उतरतो. जवळपास निम्मा. ओकसारखं घट्ट लाकूड तिथवर यायला दोन वर्षंही लागतात, आणि ते फोडून, वरून झाकून, बाजूंनी वारा खेळेल असं रचलेलं असावं लागतं.

ही वाफ भट्टीच्या भिंतीवर पाणी होऊन बसते, कारण आतली आग कितीही तापलेली असली तरी भिंतीच्या मागे पाणी आहे. परतीचं पाणी ६० अंश सेल्सिअसच्या (१४० फॅरनहाइट) खाली आलं की भिंतीला घाम फुटतो, त्यात आम्लं विरघळतात आणि धुरातून जमणाऱ्या क्रिओसोटचा डांबरासारखा थर ती आम्लं पत्र्याशी धरून ठेवतो. म्हणून परतीच्या नळीवर तापमान राखणारा मिश्रण व्हॉल्व्ह बसवतात. तो गरम पाण्याचा काही भाग परतीत मिसळून बॉयलरला गार पाण्यापासून वाचवतो.

घराच्या गरजेपेक्षा मोठा बॉयलर हेही याचंच दुखणं. घराची भूक लवकर भागते, थर्मोस्टॅट हवा बंद करतो आणि लाकडं तासन्‌तास धुमसत राहतात. धुमसणाऱ्या आगीत धूर जास्त, ताप कमी, क्रिओसोट भरपूर. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे २०१५चे नियम १५ मे २०२० पासून अधिक कडक झाले. धुरातला वायूही जाळून टाकणारे बॉयलर त्यामुळे वाढले. त्यांच्यात धूर कमी, पण ओलं लाकूड त्यांना अजिबात चालत नाही आणि उष्णता खेचणाऱ्या नळ्या वेळच्या वेळी साफ कराव्याच लागतात.

भट्टीत कचरा तर टाकूच नये. पीव्हीसी जळलं की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. समुद्रात भिजलेल्या लाकडातलं मीठही पोलादाला सोडत नाही.

भिंतीचा घाम आणि खरी गळती यांतला घोळ सगळ्यात जास्त होतो तो पहिल्या आगीला. थंड बॉयलर पेटवल्यावर भट्टीच्या तळाशी पाणी साचतं आणि मालक घाबरून वेल्डरला फोन करतो. बहुतेक वेळा तो घाम असतो. बॉयलर पूर्ण तापल्यावर पाणी यायचं थांबलं आणि टाकीतली पातळी जागेवर राहिली, तर गळती नाही. तापलेल्या बॉयलरमध्येही एकाच जागी राख ओली राहते, पातळी उतरत जाते, तर मात्र छिद्र पडलं आहे.

छिद्र कुठून सुरू झालं हेही कळतं. आगीकडचा गंज पत्र्याला पसरट खातो. राखेच्या रेषेलगत, कोपऱ्यात, दारापाशी पापुद्रे सुटतात आणि तिथला पत्रा सगळीकडून पातळ होतो. पाण्याकडचा गंज ठिपक्याएवढ्या खळग्यातून आरपार येतो, त्यामुळे आगीच्या बाजूने पाहिलं तर आजूबाजूचा पत्रा धडधाकट दिसतो.

दोन्ही बाजूंची गरज उन्हाळ्यात तर अगदी उलट होते. पाण्याची बाजू भरलेलीच ठेवावी. रिकामी केली तर ओल्या पोलादाला मोकळी हवा मिळते, आणि गंजाला तेवढंच हवं असतं. आगीची बाजू मात्र पूर्ण रिकामी करावी. राखेतले पोटॅशियमचे क्षार हवेतली ओल शोषतात आणि ती ओली राख महिनोन्‌महिने पत्र्याला चिकटून राहते. म्हणून शेवटची आग विझली की त्याच आठवड्यात राख काढावी, कोपरे खरवडावेत, भिंतींना तेलाचा हात द्यावा आणि पाऊस आत येऊ नये म्हणून धुराडं झाकावं. ते झाकण शरद ऋतूत पेटवण्याआधी काढायचं, हे दारावर चिठ्ठी लावून ठेवावं.

स्टेनलेस स्टील घेतलं की दोन्ही गंज मिटले, असा समज आहे. आगीकडच्या आम्लांसमोर ते साध्या पोलादापेक्षा नक्कीच टिकाव धरतं. पण पाण्याकडे ३०४ जातीच्या स्टेनलेसला क्लोराइडचा धोका असतो. गरम पाण्यात क्लोराइड वाढलं आणि वेल्डजवळ ताण असेल, तर पत्रा गंजण्याऐवजी तडकतो. विहिरीचं पाणी खारं असेल तर आधी तपासून घ्यावं. ४०९ जातीत निकेल जवळजवळ नसतं, ती तशी तडकत नाही, पण तिच्यात क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपासच, त्यामुळे ती गंजू शकते.

दुरुस्तीआधी अल्ट्रासॉनिक यंत्राने पत्र्याची जाडी मोजून घ्यावी. आगीकडून पातळ झालेल्या जागी भोवतालचा पत्रा जाड असेल, तर खराब भाग कापून नवा तुकडा वेल्ड करता येतो आणि तो बरीच वर्षं चालतो. खळगा पाण्याकडून आलेला असेल, तर एक छिद्र बुजवून थांबू नये. त्याच्याशेजारी आणखी खळगे तयार होत असतात. गाळ धुऊन काढायचा, ताजं पाणी भरून ते चांगलं तापवून हवा घालवायची, औषधाची पूर्ण मात्रा द्यायची आणि महिन्याभराने पुन्हा मोजायचं.