अनुकृतीद्वारे तैलचित्रणाचा अभ्यास

अनुकृतीद्वारे तैलचित्रणाचा अभ्यास : जुन्या चित्रकाराचे एखादे चित्र समोर ठेवून ते तैलरंगात पुन्हा रंगवण्याची शिक्षणपद्धती. युरोपीय अकादम्यांत रुळलेले हे नकलेचे शिक्षण १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सर ज. जी. कलाशाळेत प्लास्टरच्या पुतळ्यांवरून केलेल्या रेखाटनाच्या रूपाने आले, आणि सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) याच शाळेत घडले. नक्कल कोकणाला नवी नव्हती. पिंगुळीची चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला) आणि सावंतवाडीची गंजिफा (हाताने रंगवलेले खेळाचे पत्ते) जुन्या नमुन्यांवरूनच पुढे चालत आली. मात्र तिथे आकार आणि रेषा हातात बसवायच्या असतात, तर तैलचित्राच्या अनुकृतीत रंगाचे थर कोणत्या क्रमाने चढले, हे ओळखायचे असते.

या अभ्यासाला नवअभिजातवादी, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन कलेला आदर्श मानणाऱ्या शैलीतील, मानवाकृती विशेष सोयीची पडते. फ्रेंच चित्रकार दाव्हीदच्या ‘होरेशियांची शपथ’ (१७८४) या चित्रातील अनेक आकृतींची मांडणी नवशिक्याला झेपत नाही. त्याऐवजी त्याचा शिष्य अँग्र याचे १८०८ मधील पाठमोऱ्या स्नानार्थिनीचे चित्र घ्यावे, कारण त्यात एकच आकृती, मागे पडदा आणि खाली पांढरी चादर एवढाच पसारा आहे. चित्र दिसायला सोपे, पण पाठीवरची छाया इतकी हलकी आहे की ती थोडीही गडद झाली, तर अंग मळकट दिसू लागते. ब्रशचे फटकारे दिसत नसल्यामुळे हातचलाखीने वेळ मारून नेता येत नाही.

प्रथम चौकटी आखून रेखाटन उतरवतात. त्यावर कच्च्या अंबरचा (तपकिरी मातीरंगाचा), टर्पेंटाइनने पातळ केलेला थर देऊन छायाप्रकाश पक्का करतात आणि त्यानंतरच त्वचेचे रंग चढवतात. खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरात जास्त, हा नियम मोडल्यास वरचा थर आधी सुकतो आणि खालचा हलत राहिल्याने पुढे भेगा पडतात. अंबरमधील मँगनीजमुळे तो लवकर सुकतो, म्हणून खालच्या थरासाठी त्याची निवड होते.

कोकणात या क्रमाला हवामानाची अट जोडली जाते. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ते घट्ट होते, आणि जून ते सप्टेंबरच्या दमट, कोंदट दिवसांत हे काम रेंगाळते. सरसाचे अस्तर दिलेला कॅनव्हास ओलाव्याने ढिला पडतो, बंद खोलीत त्याच्या पाठीवर बुरशीही धरते. त्यामुळे रेखाटन व पहिला थर पावसाळ्यात उरकून त्वचेचे थर हिवाळ्यासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे. ‘सुकले असेल’ या अंदाजाने वर रंग चढवण्याची घाई मात्र इथे बहुतेकांना एकदा तरी भोवते.

अँग्रचे मूळ चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असल्यामुळे चिपळूण तालुक्यातील सावर्ड्याच्या कलामहाविद्यालयातील विद्यार्थ्यापुढे छापील प्रत किंवा संगणकाचा पडदाच असतो. या दोहोंत त्वचेची छटा कधी पिवळट, कधी गुलाबी दिसते, आणि रंगाची जाडी तर कळतच नाही. म्हणून एकाच चित्राच्या दोन-तीन प्रती जवळ ठेवून छटेपेक्षा उजळ-गडदपणावर भर द्यावा. लूव्रमध्ये बसून नक्कल करणाऱ्यांना मूळ चित्राच्या आकाराची प्रत काढता येत नाही. तोच शिरस्ता घरीही पाळावा आणि मागच्या बाजूस मूळ चित्रकाराचे नाव लिहून ती अनुकृती असल्याची नोंद करावी.