मुका मार

वासी उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीनंतरचा पतंगांचा दिवस, १५ जानेवारी. ताईच्या गच्चीवर, बडोद्याच्या दांडिया बाजारात, सकाळपासून ‘काय्पो छे’चा, म्हणजे पतंग कापल्याचा, गजर चाललेला. अकरा वर्षांचा भाचा पेच लढवताना ढील देत देत मागे सरकला आणि टाकीच्या कट्ट्यावरून खाली आला. उंची फार तर चार फूट. डोक्याची मागची बाजू फरशीवर आपटली. पोरगं लगेच उठून बसलं. आजींनी केसांतून हात फिरवला, रक्त नाही हे पाहिलं आणि म्हणाल्या, “मुका मार आहे, आंबेहळद उगाळून लावा.” आम्ही चार मोठी माणसं तिथे होतो. चौघांनाही ते पटलं.

थोड्या वेळानं तो माझ्याजवळ आला. “मावशी, माझी फिरकी कुठाय?” फिरकी त्याच्याच हातात होती. मी दाखवली, तो हसला. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा, “मावशी, माझी फिरकी कुठाय?” तिसऱ्यांदा त्यानं तेच विचारलं तेव्हा ताईनं जलेबीचं ताट खाली ठेवलं आणि रिक्षा बोलवायला सांगितलं. डॉक्टरांनी तपासून कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा असल्याचं सांगितलं.

तो बरा झाला. पण शिकलीसवरलेली चार माणसं समोर असताना ती पहिली वीस मिनिटं कुणालाच काही का वाटलं नाही, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. आपली नजर तशी का घडली, ते शोधताना जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

सुरुवात शब्दापासूनच करावी लागते. डोकं फुटलं, खोक पडली, टेंगूळ आलं हे आपले नेहमीचे शब्द डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींचे आहेत. कातडी फाटली नाही की मार ‘मुका’. आत काय झालं याचीही मराठीला जाण आहे, नाही असं नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकले, अंधारी आली, भोवळ आली, हे सगळं मेंदू हादरल्याचंच वर्णन आहे. पण ते वाक्प्रचारात राहिलं. मास्तरांनी कानाखाली दिली तरी काजवेच चमकायचे, त्यामुळे काजवे चमकले म्हणून कुणी मुलाला दवाखान्यात नेलं नाही.

वैद्यांना मात्र हे फार जुन्या काळापासून ठाऊक होतं. सुश्रुतानं शरीरात १०७ मर्मं मोजली, त्यांतली ३७ मानेत आणि डोक्यात. दहाव्या शतकाच्या सुमारास इराणी वैद्य अल्-राझी यानं कवटी फुटणं आणि मेंदू नुसता हादरणं या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचं सांगितलं. हादरलेल्या मेंदूचं काम काही काळ बिघडतं, मग सावरतं, हे निरीक्षण तेव्हाचं आहे. आत डोकावायला साधन नव्हतं, एवढंच.

आमच्या शहराची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण बडोद्यानं शरीराचा अभ्यास मोठ्या प्रेमानं केला. जुम्मादादांचा आखाडा इथे १८८० च्या सुमारास सुरू झाला. पुढे राजरत्न प्रो. माणिकराव यांनी त्याचं व्यायाममंदिर नावारूपाला आणलं. मल्लखांब, लेझीम, सांघिक कवायत यांच्या बरोबरीनं हाडवैद्य म्हणूनही माणिकरावांची ख्याती होती. दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी दहा खंडांचा मराठी व्यायामज्ञानकोश काढला, तोही याच गावातून. माझ्या आजोबांच्या पिढीत पाय मुरगळला, खांदा निखळला की दवाखान्याआधी तालमीची पायरी चढायची रीत होती, आणि तिथल्या बोटांना हाड कळायचं. या परंपरेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तिनं आमच्या घरांना दुखापत म्हणजे हाड, सांधा, स्नायू असंच पाहायला शिकवलं. बोटांनी चाचपून काही लागलं नाही, तर काही झालेलंच नाही, असं आम्ही धरून चाललो.

त्यातच क्रिकेट. गोध्र्यात जन्मलेले नरी कॉन्ट्रॅक्टर भारताचे कर्णधार होते. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू त्यांच्या डोक्यावर बसला आणि कवटी फुटली. वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेलनं त्यांना रक्त दिलं. ते वाचले, पण पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत. चौदा वर्षांनी, १९७६ मध्ये, किंग्स्टनला आमचे अंशुमान गायकवाड ८१ धावांवर असताना वेस्ट इंडिजच्या होल्डिंगचा चेंडू कानावर बसला, कानाचा पडदा फाटला आणि त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. बडोद्यातल्या मराठी घरांत ही हकीकत मी लहानपणापासून ऐकत आले, आणि ती दर वेळी धैर्याची गोष्ट म्हणूनच सांगितली जाई. ते धैर्य खरंच होतं. पण ऐकणारी मुलं त्यातून शिकली ते एवढंच, की डोक्याला लागलं तर सोसायचं असतं.

कसोटीत हेल्मेट घालून पहिल्यांदा उतरला तो ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहम यॅलप, १९७८ मध्ये. हेल्मेटमुळे कवट्या वाचल्या, यात शंका नाही. मात्र कवटीच्या आत मेंदू पातळ द्रवात तरंगत असतो. डोकं झटक्यात थांबलं तरी तो आत हलतच राहतो, आणि ते हलणं हेल्मेटला पुरतं थांबवता येत नाही. भारताचे क्रिकेटपटू रमण लांबा फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्याला हेल्मेट न घालता फलंदाजाच्या अगदी जवळ, फॉरवर्ड शॉर्टलेगला उभे होते. चेंडू डोक्याला लागल्यावर ते स्वतः चालत मैदानाबाहेर गेले, मग प्रकृती खालावत गेली आणि तीन दिवसांत ते गेले. असा शुद्धीचा मधला काळ फसवा असतो. मुलाला झोपू देऊ नका ही आजीची ताकीद याच भीतीतून आली असावी. आत रक्त साचत असेल तर झोप आणि बेशुद्धी यांतला फरक घरच्यांना कळत नाही. ज्या काळी तपासणीचं यंत्र नव्हतं, त्या काळी जागं ठेवून पाहत राहणं हाच उपाय होता. आज डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलेल्या मुलाला झोपू द्यायला हरकत नसते. झोप त्याला हवीच असते.

पाहत राहण्याचं शास्त्र झालं १९७४ मध्ये. ग्लासगोच्या टीझडेल आणि जेनेट यांनी डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांवरून शुद्ध किती आहे हे ठरवणारी मोजपट्टी तयार केली. त्याच्या तीन वर्षं आधी, १९७१ मध्ये, लंडनला पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला होता. डॉक्टरांना कवटीच्या आतलं रक्त आणि सूज दिसू लागली.

पण याच स्कॅननं पालकांच्या मनात एक नवा गैरसमज घातला, आणि मला तो जुन्या गैरसमजापेक्षा जास्त त्रासदायक वाटतो. कन्कशन सीटीवर दिसत नाही. मेंदूच्या पेशींचे तंतू ताणले जातात, क्षारांचं आत-बाहेर जाणं बिघडतं, पेशींना जास्त ऊर्जा हवी असते नेमका तेव्हाच रक्तपुरवठा कमी पडतो. हा बिघाड कामाचा आहे, रचनेचा नाही. म्हणून फोटो स्वच्छ येतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ हे चार जणांना फोनवर कळवलं की प्रकरण मिटलं, सोमवारी पोरगं शाळेत. उलट काही पालक कुठल्याही टेंगळावर सीटीचा हट्ट धरतात. अमेरिकेत ४२ हजारांहून जास्त मुलांच्या तपासणीतून २००९ मध्ये एक नियम बसवला गेला, तो कोणत्या मुलांना सीटीची गरज नाही हे ओळखण्यासाठी. मुलांना विनाकारण किरणोत्सर्ग नको, हा त्यामागचा हेतू.

आणखी एक. शुद्ध हरपली नाही म्हणजे कन्कशन नाही, असं आपण समजतो. बहुतेक मुलांची शुद्ध हरपतच नाही. खुणा साध्या असतात: डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, उजेड नकोसा होणं, तोच तो प्रश्न. काही खुणा तर दोन-तीन दिवसांनी उमटतात. मूल चिडचिडं होतं, वाचताना ओळी सुटतात, पाढे अडतात. परीक्षेच्या दिवसांत याला आळस म्हणतात, नाटक म्हणतात, आणि मूल बोलणी खातं. माझ्या भाच्यानंही खाल्ली. दुखापत ठाऊक असूनही चौथ्या दिवशी ताई त्याच्यावर ओरडली, मग स्वतःच रडली.

पालकांना सांगितलं पाहिजे, हे जगानं किंमत मोजून शिकलं. पहिला हादरा ओसरण्याआधी दुसरा बसला तर मेंदूला अचानक सूज येऊन जीव जाऊ शकतो, हे १९८४ मध्ये अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी मांडलं. असं क्वचित घडतं, पण घडतं ते तरुण मुलांच्या बाबतीत. २००६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातला तेरा वर्षांचा झॅकरी लिस्टेड अमेरिकन फुटबॉल खेळताना डोक्यावर आपटला, थोड्या वेळानं पुन्हा खेळायला उतरला आणि सामना संपताच कोसळला. त्याच्या नावानं २००९ मध्ये कायदा झाला. त्यानुसार दर वर्षी पालक आणि मूल दोघांनी माहितीपत्रकावर सही करायची, शंका आली की मूल मैदानाबाहेर, आणि लेखी परवानगीशिवाय परत नाही. काही वर्षांतच अमेरिकेच्या सगळ्या राज्यांनी असे कायदे केले.

आयसीसीनं १ ऑगस्ट २०१९ पासून कन्कशनसाठी बदली खेळाडू मान्य केला. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराला जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू बसला, त्याच्या जागी चहल आला आणि तीन बळी घेऊन गेला. हा शब्द घराघरांत पोचायची ती संधी होती. चर्चा झाली ती बदली न्याय्य होती की नाही याचीच.

दुचाकीवरच्या मुलांसाठी २०२२ मध्ये केंद्रानं नियम केला: नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना हेल्मेट आणि पट्टा, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. रावपुऱ्यात सकाळी शाळेच्या वेळी उभं राहून पाहा, अशी किती मुलं दिसतात ते.

उपचाराचा सल्लाही बदलला आहे. पूर्वी अंधाऱ्या खोलीत दिवसच्या दिवस पडून राहायला सांगत. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनं सांगितलं, की पहिले एक-दोन दिवस बेतानं विश्रांती आणि स्क्रीन कमी, मग हलकं चालणं-फिरणं, हळूहळू शाळा. खेळ सगळ्यांत शेवटी. बहुतेक मुलं महिन्याभरात सावरतात. पण वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट येणं, हातापायांत अशक्तपणा, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, बुबुळं लहानमोठी दिसणं, हलवूनही नीट जागं न होणं, यांतलं एकही दिसलं तर आंबेहळद बाजूला ठेवून १०८ लावायचा.

भाचा तीन आठवड्यांनी मैदानावर परत जायला तयार झाला. ताई डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन शाळेत गेली. खेळाच्या सरांनी ती वाचली आणि विचारलं, “ताई, ही लावू कुठे?” शाळेच्या फॉर्मवर रक्तगट होता, लशी होत्या, चष्म्याचा नंबर होता. डोक्याला लागल्याचा रकानाच नव्हता. ताईनं सरांकडून एक फुलस्केप मागून घेतला, पट्टीनं चार रेघा मारल्या: तारीख, कसं लागलं, काय दिसलं, परत केव्हा. पहिल्या ओळीत तिनं लिहिलं, १५ जानेवारी, गच्ची.