शेनिन ब्लाँ की सोव्हिन्याँ ब्लाँ? ठाणेकरांच्या ताटाला कोणती पांढरी वाइन

घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही बऱ्या वाइन शॉपमध्ये पांढऱ्या वाइनच्या फळीवर दोन बाटल्या शेजारी उभ्या दिसतात. एकीवर शेनिन ब्लाँ लिहिलेलं असतं, दुसरीवर सोव्हिन्याँ ब्लाँ. ही दोन द्राक्षांची नावं. आकार सारखा, आतला रंग जवळपास सारखा, झाकण फिरकीचं, मद्यार्क दोन्हींत बहुधा 12-13 टक्के, आणि बहुतेक वेळा दोन्ही नाशिककडच्याच. किमतीत थोडा फरक असतो. सोव्हिन्याँ सहसा जरा महाग. मग गिऱ्हाईक एक तर स्वस्त ती उचलतं, नाहीतर महाग ती चांगली असणार म्हणून तिला हात घालतं. मला हे मनापासून खटकतं, कारण या दोघींत वरची आणि खालची अशी प्रतवारीच नाही. त्यांचे स्वभाव वेगळे आहेत, आणि आपल्या जेवणाशी त्यांचं जमतं तेही वेगवेगळ्या कारणांनी.

दोघींचं फ्रान्समधलं मोठं घर एकच, ल्वार नदीचं खोरं. डीएनए तपासणीत तर रक्ताचं नातंही निघालं: सावान्याँ नावाचं एक जुनं द्राक्ष दोघींच्या घराण्यात आहे. सोव्हिन्याँचा काबर्ने फ्राँ या काळ्या द्राक्षाशी संकर होऊन काबर्ने सोव्हिन्याँ हे लाल वाइनचं जगप्रसिद्ध द्राक्ष जन्माला आलं, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 1997 मध्ये दाखवून दिलं. त्याच वर्षी इकडे राजीव सामंत यांनी नाशिकमध्ये शेनिन आणि सोव्हिन्याँची लागवड केली आणि 2000 मध्ये त्यांच्या सुला या वाइनरीच्या पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. थॉमसन सीडलेस या खायच्या द्राक्षाच्या मुलखात या दोन वेली जोडीनेच रुजल्या. दुकानात त्यांची गल्लत होते त्यामागे हा इतिहासही असावा.

फरक ओळखायची सुरुवात नाकापासून करावी. सोव्हिन्याँ ग्लासात ओतली की ती लगेच ओळख देते. ढोबळी मिरची चिरताना येतो तो वास, नुकतं कापलेलं गवत, कैरीची साल, पेरू, पपनस. ढोबळी मिरचीचा वास भासतो असं आपण म्हणतो तेव्हा तो नुसता भास नसतो. मिरचीत जे पायरझिन जातीचं रसायन असतं तेच या द्राक्षातही असतं, आणि पाण्यात ते लिटरमागे ग्रॅमचे दोन-तीन अब्जांश इतकंच असलं तरी माणसाच्या नाकाला कळतं. पेरू-पपनसाचा वास वेगळ्या रसायनांचा, थायॉल नावाच्या गंधकयुक्त संयुगांचा. गंमत अशी की ताज्या रसात तो जवळजवळ लपलेला असतो. आंबवताना यीस्ट त्याला मोकळं करतं. म्हणून सोव्हिन्याँचं द्राक्ष तोंडात टाकून वाइनचा अंदाज बांधता येत नाही.

पायरझिन ऊन आणि पिकण्याबरोबर कमी होत जातं. नाशिकच्या बागाईतदारासाठी खरी कसोटी इथे आहे. आपल्याकडे वेल युरोपासारखी हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून वर्षातून दोन छाटण्या घ्याव्या लागतात: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळ छाटणी. वाइनची द्राक्षं मग साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडणीला येतात. रात्री गार, दुपारी कडक ऊन. तोडणी उशिरा झाली की सोव्हिन्याँचा हिरवा वास उडतो, आंबटपणा उतरतो आणि हाती येते ती नुसती पांढरी वाइन. फार लवकर झाली तर कच्च्या भाजीचा वास तेवढा उरतो. न्यूझीलंडच्या थंड मार्लबरोमधली सोव्हिन्याँ इतकी टोकदार का लागते आणि नाशिकची जरा मऊ, पिकल्या पेरूकडे झुकणारी का, याचं उत्तर या हवामानात आहे. मला नाशिकची ही मऊ तऱ्हा आवडते, पण मार्लबरोची अपेक्षा ठेवून बाटली उघडणाऱ्याची निराशा होणार.

शेनिनकडे असा एकच ठळक वास नाही. तरुण शेनिनला सफरचंद, नासपती, थोडी पांढरी फुलं, पिकल्यावर मध आणि खरबूज असा हळू आवाजातला वास असतो. तिचं बळ आहे आंबटपणात. द्राक्ष चांगलं पिकलं तरी तिचा आंबटपणा टिकून राहतो, आणि त्यामुळे वाइन करणाऱ्याला मोकळीक मिळते. तो तिची कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, वाइन करू शकतो, थोडी साखर शिल्लक ठेवू शकतो, बुडबुड्यांची करू शकतो, लाकडी पिंपात ठेवू शकतो, नाहीतर वेलीवर द्राक्षं सुकू देऊन जेवणानंतरची गोड वाइन काढू शकतो. ल्वारमधल्या वूव्ह्रे या एकाच गावाच्या नावाखाली कोरडी, अर्धगोड, गोड आणि फसफसती अशा सगळ्या तऱ्हा मिळतात, आणि त्यांतल्या चांगल्या गोड बाटल्या कित्येक दशकं टिकतात. दक्षिण आफ्रिकेत तर हे द्राक्ष पिढ्यान्‌पिढ्या स्टीन या नावाने लावलं जात होतं. ते शेनिनच आहे हे तिथल्या तज्ज्ञांनी 1960च्या दशकात नक्की केलं. आज शेनिनची सर्वांत मोठी लागवड फ्रान्समध्ये नाही, दक्षिण आफ्रिकेत आहे.

मग शेनिनला दुय्यम का मानतात? ही वेल भरपूर पीक देते. बागाईतदाराने घड कमी केले नाहीत तर रस पातळ होतो आणि वाइन पाणचट लागते. जगभर अशी स्वस्त शेनिन पुष्कळ निघाली आणि तिचं नाव पडलं. हा दोष द्राक्षाचा नाही. म्हणून माझा खरेदीचा नियम असा: सोव्हिन्याँ घेताना आधी बाटलीवरचं साल बघावं, शेनिन घेताना आधी ती कोणी केली आणि कोणत्या तऱ्हेची केली ते बघावं. सोव्हिन्याँचं भांडवल तिचा ताजा वास आहे आणि तो वर्ष-दोन वर्षांत विरायला लागतो. जुनी बाटली सवलतीत मिळाली तरी मी घेत नाही. शेनिनच्या बाबतीत एखादं वर्ष मागेपुढे झालं तर फारसं बिघडत नाही, पण ती कोरडी आहे की अर्धगोड हे कळलं नाही तर जेवणाशी जोडी हमखास चुकते.

आणि इथेच सर्वांत मोठा घोळ होतो. भारतात मिळणाऱ्या बऱ्याच शेनिन, सुलाची धरून, किंचित गोड ठेवलेल्या असतात. त्यामुळे शेनिन म्हणजे गोड आणि सोव्हिन्याँ म्हणजे कोरडी असं समीकरण लोकांच्या डोक्यात बसलं आहे. कोरडी शेनिनही मिळते, आणि तिच्या पिकल्या फळाच्या वासामुळे ती गोड भासते. साखर खरंच आहे की नुसता वास आहे हे तपासायची साधी युक्ती आहे. नाक चिमटीत धरून घोट घ्यावा आणि जिभेवर फिरवावा. गोडी तरीही राहिली तर ती साखर. नाहीशी झाली तर ते काम वासाचं होतं. लिटरमागे 4 ग्रॅमच्या आत साखर असेल तर वाइन कोरडी धरतात. मागच्या लेबलवर ड्राय (कोरडी) किंवा ऑफ-ड्राय (किंचित गोड) असं छापलेलं असतं, ते जरूर वाचावं.

आता ताटाकडे. ठाण्यात कोळी, आगरी आणि सीकेपी अशी तीन स्वयंपाकघरं इतकी जवळजवळ नांदतात की पांढऱ्या वाइनसाठी यापेक्षा चांगली जागा मला सुचत नाही. मासळी ताजी, खोबरं सढळ, कोथिंबीर भरपूर.

हिरव्या चटणीने भरलेलं पापलेट घ्या. कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण, ओलं खोबरं, लिंबू, आणि वरून रव्यात घोळून तव्यावर खरपूस. इथे सोव्हिन्याँच हवी. तिचा हिरवा वास चटणीच्या हिरव्या वासाला जाऊन मिळतो आणि तिचा आंबटपणा लिंबाचं काम करतो. कोथिंबीर वडी, पुदिन्यात मुरवलेलं पनीर, बोंबील फ्राय यांनाही तीच. ल्वारमधले लोक सोव्हिन्याँबरोबर बकरीच्या दुधाचं चीज खातात. आंबट दुधाळ चव आणि हिरवा वास हे नातं तिथलंच, आपल्याकडे ते पनीर-पुदिन्यात सापडतं.

पण चिंबोरीचा आगरी मसाल्याचा रस्सा समोर आला की सोव्हिन्याँ बाजूला ठेवावी. मद्यार्काने तिखटाची आग वाढते, आणि कोरड्या वाइनचा आंबटपणा त्या आगीवर आणखी टोचतो. थोडी साखर राखलेली गार शेनिन मात्र ती आग उतरवते, आणि तिचा आंबटपणा तोंड स्वच्छ करून पुढच्या घासाला जागा करतो. चेंदणी कोळीवाड्यासारख्या वस्तीत ज्या तिखटाने कालवण होतं त्याच्यापुढे अर्धगोड शेनिनइतकी भरवशाची वाइन मला माहीत नाही.

अळूवडीचं कारण वेगळं. तिच्यात चिंच-गूळ असतो, आणि अन्नात गोडी असली की कोरडी वाइन एकदम आंबट आणि हडकुळी लागते. तिथेही अर्धगोड शेनिन. वालाच्या बिरड्याला मी मोठ्या आवडीने कोरडी, जरा पिकल्या चवीची शेनिन घेतो. खोबऱ्याच्या रसाला तिचं मधाळ अंग शोभतं आणि वालाचा कडवटपणा तिच्यामुळे बोचत नाही. सोव्हिन्याँ याच कडवटपणाला उचलून धरते. सोड्याच्या खिचडीतही तसंच. सुकवलेल्या कोलंबीत जी खोल मांसल चव असते तिने वाइनचा आंबटपणा आणि कडवटपणा जास्त जाणवतो, म्हणून तिथे भरीव अंगाची वाइन लागते.

दोन ठिकाणी मात्र दोघींनाही विश्रांती द्यावी. सोलकढीच्या आमसुलापुढे वाइनची चव उरत नाही, तेव्हा सोलकढी जेवणाच्या शेवटी घ्यावी, वाइनचा ग्लास रिकामा झाल्यावर. आणि तलावपाळीजवळच्या झणझणीत मिसळीला कोणतीही वाइन जोडू नये; तिला ताकच शोभतं.

निनावं केलं असेल तर उशिरा तोडलेल्या द्राक्षांची शेनिन काढावी. सुलासह काही वाइनरींची ती अर्ध्या बाटलीत मिळते. गोड पदार्थाबरोबरची वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, हा नियम इथे कामाला येतो. निनाव्यातला गूळ, नारळाचं दूध आणि जायफळ यांच्यासमोर त्या वाइनचा आंबटपणाच तिला चिकट होऊ देत नाही. सोव्हिन्याँची अशी गोड वाइन फ्रान्समधल्या बोर्दोकडे सेमियाँ द्राक्षात मिसळून होते, पण ती ठाण्यात सहजी मिळायची नाही आणि तिची किंमतही वेगळीच.

दोघींमधला फरक एकदा पक्का करायचा असेल तर त्या वेगवेगळ्या दिवशी पिऊ नयेत. चार मित्रांनी वर्गणी काढून एकाच वाइनरीच्या, एकाच सालाच्या दोन्ही बाटल्या आणाव्यात, सारख्या ग्लासांत शेजारी शेजारी ओताव्यात आणि मध्ये भरलेलं पापलेट आणि अळूवडी ठेवावी. आधी नुसता वास, मग घोट, मग घासाबरोबर घोट. वाइनरी आणि साल एक असल्यामुळे जो फरक जाणवेल तो मुख्यतः द्राक्षाचा असतो.

गारपणाबद्दल इतकंच की फ्रिजमधून काढल्या काढल्या वाइन साधारण 4 अंशांना असते आणि त्या थंडीत दोन्ही सारख्याच लागतात. सोव्हिन्याँ 8 ते 10 अंशांना खुलते, शेनिन त्याहून जरा वर. ठाण्याच्या मे महिन्यात त्यासाठी दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवणं पुरतं. ग्लासात थोडी थोडी ओतावी, नाहीतर अर्ध्या ग्लासातच ती कोमट होते. बाटली कधीच गॅसजवळच्या कपाटात ठेवू नये, आणि ज्या दुकानात बाटल्या काचेच्या दर्शनी भागात उन्हात तापत असतात तिथून पांढरी वाइन विकत घेऊ नये. उरलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवावी. सोव्हिन्याँ दुसऱ्या दिवशी संपवावी, तिचा वास त्यापुढे फिका पडत जातो. शेनिन तिसऱ्या दिवशीही चांगली लागते, आणि काही कोरड्या शेनिन तर दुसऱ्या दिवशी जास्त मोकळ्या वाटतात.