बुटगेराइट वेगळा, इटेनबाख वेगळा

'जर्मन गोर (रक्तामांसाचे भयपट) बघायचंय, सुरुवात कुठून करू?' असं कुणी विचारलं की 'नेक्रोमॅन्टिक' आणि 'द बर्निंग मून' ही दोन नावं एका दमात सांगितली जातात. दोन्ही जर्मन, दोन्ही स्वस्तातले, दोन्हींत रक्त, मग काय, एकाच माळेचे मणी! विचारणारा त्यातला एक बघतो, वैतागतो आणि दुसऱ्याच्या वाटेलाच जात नाही. हे इतक्यांदा पाहिलंय की आता राहवत नाही.

'नेक्रोमॅन्टिक' काढणारा योर्ग बुटगेराइट तुम्हाला ठाऊकच असेल. पश्चिम बर्लिन, १९८७, घरगुती चित्रणासाठीची सुपर ८ची अरुंद फिल्म, अपघातातली प्रेतं उचलण्याची नोकरी करणारा नायक आणि त्यानं घरी आणलेलं ते प्रेत. यावर भरपूर लिहून झालंय.

ओलाफ इटेनबाख बव्हेरियातला. शिकला डेंटल टेक्निशियनचं काम, म्हणजे कवळ्या आणि दातांचे साचे बनवण्याचं. 'द बर्निंग मून' (१९९२) त्यानं व्हिडिओवर काढला. नशेत बुडालेला भाऊ लहान बहिणीला झोपताना दोन भयंकर गोष्टी सांगतो, एवढीच चौकट. भाऊ झालाय स्वतः इटेनबाख. अभिनय कच्चा, प्रकाशयोजना घरगुती. पण शेवटी नरक येतो आणि सगळं बदलतं. एकाच्या दातांत ड्रिल शिरतं. आपण अंग चोरतो, डोळे मिटतो, आणि पुन्हा उघडून बघतो की खरा जबडा कुठे संपला आणि साचा कुठे सुरू झाला. सांधा शोधायचा आणि तो सापडू नये अशी मनातून इच्छाही करायची, यातच सगळी मजा आहे. कवळ्यांवर बसलेला हात तिथे दिसतो.

हॅम्बुर्गचा आंद्रेआस श्नास याच पठडीतला. १९८९चा 'व्हायलंट शिट' त्यानं शनिवार-रविवार गाठून व्हीएचएसवर काढला आणि त्यातला खुनी खाटीकही स्वतःच झाला. हात इटेनबाखइतका तयार नाही, हौस मात्र दांडगी.

आता लोक घसरतात ती जागा. इटेनबाख-श्नास या मंडळींच्या सिनेमात शरीर हे काम करायचं साहित्य आहे, सुताराला लाकूड असतं तसं. बुटगेराइटला शरीर कापण्यात फारसा रस नाही. मरून गेल्यावर जो वेळ उरतो, त्याच्याकडे तो बघत बसतो. त्याचा १९९०चा 'देअर टोडेसकिंग' घ्या. आठवड्याचे सात वार, प्रत्येक वारी मरण, आणि मधूनमधून कुजत चाललेलं एक शरीर. गुरुवारी तर फक्त एक पूल दिसतो. कॅमेरा त्या पुलाभोवती संथपणे फिरतो आणि पडद्यावर तिथून उडी घेतलेल्यांची नावं, वय, व्यवसाय येत राहतात. रक्ताचा थेंब नाही, किंकाळी नाही. पाच मिनिटांत हात गार पडतात.

म्हणून नेटवर फिरणाऱ्या 'सर्वात भयानक सीन'च्या क्लिपांचा मला मनापासून राग येतो. इटेनबाखचा नरक तोडून दाखवला तरी तो उभा राहतो, कारण कारागिरी त्या तुकड्यातच आहे. बुटगेराइटचा तुकडा तोडला की हाती लागतं ते नुसतं ओंगळ काहीतरी. त्याची जान होती ती आधीच्या संथपणात.

चोरटा आनंद म्हणतात तो इटेनबाखकडेच मिळतो, आणि त्यात लाजण्यासारखं मला काही दिसत नाही. फाटतं ते कुणीतरी खपून घडवलेलं लेटेक्स असतं. 'नेक्रोमॅन्टिक'मधला ससा मात्र खराच मारलेला आहे. दोघांत सौम्य, 'कलात्मक' म्हणून ज्याची शिफारस होते, खरं मरण त्याच्याच सिनेमात आहे. तो प्रसंग मी बघत नाही, पुढे ढकलतो.

'दोन्हींवर बंदी होती' हे वाक्यही तेवढंच ढिसाळ. जर्मनीत सूचीत, म्हणजे मुलांसाठी घातक ठरवलेल्यांच्या यादीत, घालणं वेगळं आणि जप्ती वेगळी. सूचीतल्या सिनेमाची जाहिरात करता येत नाही, मुलांना तो देता येत नाही, पण प्रौढ माणूस विकत घेऊ शकतो. जप्ती न्यायालयाच्या हुकमानं होते आणि मग तो वाटणं हाच गुन्हा ठरतो. 'द बर्निंग मून'च्या वाट्याला हे आलं. बुटगेराइटचाच पुढचा भाग 'नेक्रोमॅन्टिक २' १९९१मध्ये म्युनिकच्या थिएटरातून पोलिसांनी उचलला होता, पण ही कलाकृती आहे असं तज्ज्ञाचं मत पडलं आणि तो सुटला.

इटेनबाख चार मित्र जमवून बघा, हवं तिथे थांबवा, मागे न्या, सांध्यावरून वाद घाला. 'टोडेसकिंग' एकट्यानं, सलग, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. मन आधीच खचलेलं असेल त्या दिवशी मात्र लावू नका. आणि सोमवार-मंगळवारी कंटाळा आला तरी गुरुवारच्या पुलापर्यंत उठू नका.