वार पडल्यानंतरचा पहिला तास

बाळंतपणानंतर जाणारे रक्त ‘घाण’ असते, ते अडवू नये, हा समज कोकणातल्या वाड्यांवर अजूनही ऐकू येतो. काही दिवस जाणारा थोडा स्राव स्वाभाविक असतो. पण पहिल्या तासातली धार म्हणजे अंगातले चांगले रक्तच असते आणि ती जाऊ देणे जीवघेणे ठरते.

पूर्ण दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहते. वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारा अवयव, सुटते तेव्हा तिच्याखालच्या रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. ती मिटवण्याचे पहिले काम रक्ताच्या गुठळीचे नसून स्नायूंचे असते. गर्भाशयाच्या मधल्या थरातले तंतू जाळ्यासारखे उलटसुलट विणलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्या विणीतून जातात. ऑक्सिटोसिन या संप्रेरकाच्या इशाऱ्याने तंतूंच्या पेशींतले कॅल्शियम वाढते, तंतू आखडतात, वीण आवळते आणि तिच्यातली प्रत्येक वाहिनी चिमटली जाते. अशा वेळी बेंबीपाशी हात ठेवला तर गर्भाशय नारळासारखे घट्ट लागते. ते मऊ लागले, तर जाळे सैल आहे आणि रक्त चालूच आहे, असे समजावे.

म्हणूनच संशोधनाचा पहिला मान नव्या महागड्या यंत्राला नव्हे, मोजमापाला मिळायला हवा, असे मला वाटते. नुसत्या डोळ्यांनी रक्ताचा अंदाज बहुतेक वेळा कमी होतो. घाटापलीकडच्या बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजले गेले; गर्भाशय आखडवणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी अतिरक्तस्रावाचे प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आल्याचे तिथल्या 2006च्या अभ्यासात दिसले. आफ्रिकेतल्या चार देशांतील 80 रुग्णालयांत अशाच पिशवीला तातडीच्या एकत्रित उपचारांची जोड दिली, तेव्हा गंभीर परिणाम 60 टक्क्यांनी घटल्याचे 2023मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरा प्रश्न शीतपेटीचा आहे. रक्तस्राव रोखण्यासाठी औषध म्हणून दिले जाणारे ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते आणि कोकणच्या पावसाळ्यात वीज जाते. उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिन हे तसेच काम करणारे औषध त्याच्या तोडीचे असल्याचे 10 देशांतल्या सुमारे 30 हजार स्त्रियांवरील चाचणीने 2018मध्ये दाखवले. आता ते उपकेंद्रांच्या कपाटात कसे टिकते आणि वेळेवर कसे पोहोचते, हे तपासायला हवे.

महाराष्ट्रात 2019-21मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे 38 मातामृत्यू झाले; देशाचा आकडा 93 होता. हे उरलेले मृत्यू कमी करणे अवघड आहे, कारण त्यांत अंतर आणि रक्तक्षय मिसळलेले आहेत. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे रक्ताची गुठळी टिकवून ठेवणारे औषध रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवते, परंतु ते प्रसूतीनंतर 3 तासांत दिले तरच. त्या 3 तासांतला किती वेळ गाडीची किंवा खाडी ओलांडण्याची वाट पाहण्यात जातो, याची मोजणी वाडीनिहाय आणि ऋतूनिहाय व्हायला हवी.