बास्केटबॉलपटूंची मिश्र माध्यम जलरंग व्यक्तिचित्रे

जलरंगाचा पाया ठेवून त्यावर शाई, रंगीत पेन्सिल, सुके पेस्टल, अपारदर्शक जलरंग (गौश) किंवा चिकटकाम यांची जोड देत व्यावसायिक बास्केटबॉल खेळाडूंची व्यक्तिचित्रे रंगवण्याचा प्रकार. चित्रांचे विषय बहुधा अमेरिकेतील एनबीए या साखळी स्पर्धेतले खेळाडू असतात. बिनबाह्यांच्या जर्सीमुळे या खेळाडूंचे खांदे, दंड आणि बोटे उघडी दिसतात. त्यामुळे चित्रकाराला चेहऱ्याइतकेच शरीरही ओळखीचे करावे लागते.

करीम अब्दुल-जब्बार म्हटले की संरक्षक चष्मा आणि डोक्याच्या खूप वर गेलेला एकच हात डोळ्यांसमोर येतो. अ‍ॅलन आयव्हर्सनची ओळख घट्ट वेण्या आणि एका हातावरची बाही, तर मायकेल जॉर्डनची उडी घेताना बाहेर आलेली जीभ. या खुणा हाताशी असल्याने बरेच नवशिके त्यांच्यावरच विसंबतात आणि चित्र पोस्टरासारखे होऊन बसते. खरे साम्य मान, खांदा आणि मनगट यांच्या ठेवणीत असते. चेंडू सुटल्यानंतर मनगट कसे वाकते, एवढे अचूक उतरले तर चेहरा धूसर ठेवला तरी खेळाडू ओळखता येतो.

या प्रकाराचा कस लागतो तो त्वचेच्या रंगात. गडद त्वचेसाठी तयार काळा रंग वापरला की ती मेल्यासारखी दिसते. त्याऐवजी बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) यांच्या मिश्रणातून उबदार आणि थंड छटा काढतात. पहिला थर फिकट व उबदार ठेवायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग पारदर्शक थर एकावर एक चढवायचे. कपाळ, गालाचे हाड आणि खांद्याचा माथा यांवर पडलेला दिव्यांचा प्रकाश कागद कोरा सोडून किंवा फिकट निळसर वॉश (पातळ रंगाचा सपाट थर) देऊन राखतात. घामाचे थेंब शेवटी, पांढऱ्या गौशने आणि तेही मोजकेच.

बाकीच्या माध्यमांना प्रत्येकी नेमके काम असते. बास्केटच्या जाळीच्या दोऱ्या आधीच मास्किंग फ्लुइडने (रंग अडवणाऱ्या, नंतर सोलून काढता येणाऱ्या द्रवाने) किंवा पांढऱ्या मेणखडूने आखून घेतात, म्हणजे वरून रंग फिरवला तरी त्या उजळ राहतात. चेंडूचा दाणेदार पोत खरखरीत कागदावर कोरडा कुंचला ओढून मिळतो. वेण्या व दाढी यांना रंगीत पेन्सिल, जर्सीच्या चुण्यांना शाईची रेष आणि मैदानाच्या लाकडी फळ्यांना पेस्टल चालते. मात्र सुक्या माध्यमांनी जलरंग झाकून टाकला, तर तो वापरण्यात अर्थच उरत नाही.

गोव्यात हे काम हवामानाच्या कलाने करावे लागते. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की थर तासन्‌तास वाळत नाही आणि घाई केली तर खालचा रंग उचलला जातो. दमट खोलीत ठेवलेल्या कागदाच्या खळीवर (रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून दिलेल्या लेपावर) बुरशी धरते. तो भाग रंग टिपकागदासारखा शोषतो आणि नितळ वॉशमध्ये डाग उमटतात. दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा सुती कागद फळीवर गोंदपट्टीने ताणून घेणे आणि उरलेला साठा हवाबंद ठेवणे, हे उपाय करावेच लागतात. ओल्यावर ओला रंग सोडून धावत्या शरीराची धूसर कड काढायची असेल, तर हीच दमट हवा उपयोगी पडते.

इथल्या चित्रकाराला शिकण्यासारखे जवळच पुष्कळ आहे. सांगे येथे जन्मलेले आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) हे व्यक्तिचित्रणातले मातब्बर नाव. त्यांच्या चित्रांचा संग्रह पणजीत फुंदासांव ओरिएंत या संस्थेकडे आहे. सांत इस्तेवचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–६७) अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकले. त्यांची जलरंगचित्रे पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहेत आणि वॉशवर वॉश चढवून त्वचेला आतून उजेड कसा द्यावा, ते तिथे दिसते. मडगावात जन्मलेल्या दीनानाथ दलालांचा (१९१६–७१) हात तर मराठी वाचकांना दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरून ठाऊक आहे. पणजीत आल्तिनोवर गोवा कला महाविद्यालय आहे.

गोव्यात फुटबॉलचे वेड मोठे असले तरी बास्केटबॉलही खेळला जातो. २०१४ च्या लुसोफोनिया (पोर्तुगीज भाषेशी नाते असलेल्या देशांच्या) आणि २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा इथे झाल्या, त्या दोन्हींत हा खेळ होता. एनबीएचे बरेच सामने भारतात पहाटे आणि सकाळी दिसतात. चित्रकाराला खेळाडू भेटतो तो पडद्यावर किंवा छायाचित्रात, म्हणून एकाच छायाचित्राची नक्कल करण्याचा मोह होतो. आपण १९८४ मध्ये काढलेल्या जॉर्डनच्या छायाचित्राची नक्कल केली, असा दावा छायाचित्रकार जेकोबस रेंटमीस्टर यांनी नायकी कंपनीवर २०१५ मध्ये केला. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला : केवळ पवित्र्यावर कोणाची मालकी नसते, छायाचित्रातील घटकांची विशिष्ट निवड व मांडणी मात्र संरक्षित असते. भारतात छायाचित्रावरचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो. अनेक क्षणचित्रे पाहून स्वतःचे रेखांकन करणे त्यामुळे कायद्याने सुरक्षित आणि चित्राच्या दृष्टीनेही सरस.

तयार चित्र काचेला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) घालतात, आणि पावसाची झड लागणाऱ्या भिंतीवर ते लावत नाहीत. संघांच्या भडक रंगांसाठी वापरलेल्या काही शाया उन्हात लवकर उडतात. लेकर्स या एनबीए संघाचा जांभळा रंग निवडताना म्हणूनच बाटलीवरची किंवा नळीवरची प्रकाशस्थैर्याची (उजेडात रंग किती टिकतो याची) खूण आधी पाहावी.