कॅरव्हॅनच्या लांब प्रवासाला आठवड्याचा किती खर्च धरावा?

(आमच्या नागपूरच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

कॅरव्हॅनचं, म्हणजे राहण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीचं, भाडं आणि अनामत ठरली की पुढचा प्रश्न बहुतेक जण हाच विचारतात: "वरून रोजचे किती लागतील?" आम्ही रोजचा आकडा मुद्दाम सांगत नाही. एखाद्या दिवशी गाडी साडेतीनशे किलोमीटर पळते आणि टाकी भरावी लागते, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही तळ्याकाठी मुक्काम करता आणि दूध-भाजीपलीकडे काही लागत नाही. म्हणून हिशेब आठवड्याचा ठेवावा, आणि तोही दोन वेगळ्या खात्यांत: रस्त्याचा खर्च एकीकडे, राहण्या-खाण्याचा दुसरीकडे. बजेट कोलमडतं ते बहुधा ही दोन खाती एकत्र केल्यामुळे.

रस्त्याचा खर्च

हा खर्च मार्गावर ठरतो, दिवसांवर नाही. समजा, तुम्ही राष्ट्रीय महामार्ग ४४ ने कन्याकुमारीला जाऊन परत येणार आहात. आजूबाजूचं फिरणं धरून साधारण ४,५०० किलोमीटर होतील. आमची गाडी लिटरला ९ किलोमीटर देते असं धरा (सपाट रस्त्यावर थोडं जास्त, घाटात कमी). म्हणजे ५०० लिटर डिझेल. लिटरला सरासरी ९५ रुपये धरले तर ४७,५०० रुपये. हाच प्रवास तीन आठवड्यांत केला तर आठवड्याला जवळपास १६,००० पडतात, सहा आठवड्यांत केला तर ८,००० च्या आत. डिझेल तेवढंच जळतं, पण आठवड्याचा भार निम्म्यावर येतो. सुट्टी आणि तब्येत साथ देत असेल तर सावकाश जा, असं आम्ही प्रत्येकाला मनापासून सांगतो.

एक गोष्ट विसरू नका. उत्साहाच्या भरात पहिल्या आठवड्यात गाडी सर्वांत जास्त चालवली जाते. तेव्हा डिझेलचे पैसे सगळ्या आठवड्यांत सारखे वाटू नका, पहिल्या आठवड्याला जास्त ठेवा.

डिझेलचा भाव राज्यागणिक बदलतो, कारण प्रत्येक राज्याचा कर वेगळा. तेलंगण आणि आंध्रात ते आपल्यापेक्षा महाग आहे. दक्षिणेला निघालात तर पैनगंगा ओलांडण्याआधी, पांढरकवड्यालाच टाकी भरून घ्या. उत्तर प्रदेशात उलट स्वस्त मिळतं, त्यामुळे झाशी-आग्र्याकडे जाताना मध्य प्रदेशात गरजेपुरतंच भरा.

टोलबद्दल स्पष्ट सांगायला हवं. फास्टॅगचा वार्षिक पास फक्त खाजगी कार, जीप आणि व्हॅनसाठी आहे. आमच्या गाड्यांची नोंदणी व्यावसायिक असल्यामुळे तो चालत नाही, आणि टोलही कारपेक्षा जास्त लागतो. समृद्धी महामार्गाने मुंबईकडे गेलात तर ७०१ किलोमीटरच्या एका फेरीलाच २,००० च्या वर जातात. फास्टॅगमध्ये शिल्लक कायम ठेवा. ती संपली तर टोल नेहमीपेक्षा जास्त पडतो.

राहण्या-खाण्याचा खर्च

नवरा-बायको दोघं जात असतील तर आमचा आठवड्याचा अंदाज असा: किराणा, भाजी, दूध ३,०००. ढाब्यावर किंवा हॉटेलात चार जेवणं १,६००. तीन रात्री पैसे देऊन मुक्काम, प्रत्येकी ७०० प्रमाणे २,१००. गॅस, पिण्याचं पाणी, धुलाई ९००. चहा, रिचार्ज, औषधं, किरकोळ १,२००. बेरीज ८,८०० होते, तरी १०,००० धरून चला. मुलं बरोबर असतील तर किराणा आणि बाहेरचं जेवण वाढतं. मुक्कामाचे पैसे मात्र तेवढेच राहतात.

तांदूळ, तूरडाळ, तिखट, सावजी मसाला, लोणचं, चिवडा हे सगळं निघण्याआधी इतवारीतून भरून घ्या. भाव बरा पडतो, आणि पाचशे किलोमीटरवर आपल्या चवीचं तिखट मिळेलच असं नाही. भाजी मात्र साठवू नका. वाटेतल्या गावांचे आठवडी बाजार विचारून ठेवा, भाजी तिथली घ्या. तिथे अजूनही सुटे पैसे लागतात, तेव्हा दर सोमवारी आठवड्याची थोडी रोकड वेगळ्या पाकिटात काढून ठेवा.

गाडीत ५ किलोचा सिलिंडर असतो. दोघांचा दोन वेळचा स्वयंपाक त्यावर दहा-बारा दिवस निघतो. हा छोटा सिलिंडर बऱ्याच पेट्रोल पंपांवरही ओळखपत्र दाखवून मिळतो. घरचा मोठा सिलिंडर कृपया गाडीत ठेवू नका.

सातही रात्री फुकट मुक्कामाच्या भरवशावर निघू नका. मोठ्या ढाब्यावर जेवलात आणि मालकाला विचारलंत तर रात्रभर गाडी लावू देतात, पण आंघोळ, टाकीत पाणी भरणं आणि वापरलेलं पाणी नीट सोडणं यासाठी दोन-तीन दिवसांनी सोयीची जागा लागतेच. उन्हाळ्यात तर वेगळाच हिशेब होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, रात्री एसीशिवाय झोप येत नाही आणि गाडीच्या बॅटरीवर एसी रात्रभर चालत नाही. मग रोजच वीजजोडणीची जागा शोधावी लागते आणि तीनच्या जागी सात रात्रींचे पैसे भरावे लागतात. लांबचा प्रवास दिवाळीनंतर काढा, हा आमचा आग्रह त्यासाठीच.

पेंच-कान्ह्याची सफारी या हिशेबात टाकू नका. कॅरव्हॅन जंगलात जात नाही, प्रवेशद्वारावर जिप्सी वेगळी घ्यावी लागते. एका सफारीत आठवड्याच्या किराण्याहून जास्त पैसे सहज जातात. त्याची रक्कम निघण्याआधीच बाजूला काढा.

इंजिन आणि बॅटरीची दुरुस्ती आमच्याकडे, पंक्चर आणि काचेची फूट तुमच्याकडे. गाडी ठरवायला येताना मुक्कामांची गावं आणि तारखा कागदावर लिहून आणा. किलोमीटर, डिझेल आणि टोलचा आठवडेवार तक्ता आम्ही तुमच्यासमोर बसून करून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.